कोणती चूक खटकते आणि का

(इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विद्यार्थी इंग्रजी बोलताना चुकला तर त्याला थांबवावं का, असा प्रश्न मला आज दिला आहे. याची दोन ठरलेली उत्तरं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. लगेच थांबवा, नाहीतर चूक जिभेवर बसते, हे एक. अजिबात थांबवू नका, आधी धीर चेपू द्या, हे दुसरं. पण या दोन्ही पक्षांच्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा. दोघंही काही चुका धरतात आणि काही जाऊ देतात. म्हणून मला थांबवावं की नाही यापेक्षा या निवडीतच जास्त रस आहे. कोणती चूक आपण धरतो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अर्थ कुठे अडला हे बघून आपण चूक धरतोच असं नाही. ऐकायला जी अडाणी वाटते ती पटकन धरतो. आणि विद्यार्थ्यांना हे आपल्याआधी कळतं.

एक विद्यार्थी म्हणतो, ‘माय ब्रदर वर्क इन अ बँक.’ लगेच आपण, ‘वर्क्स!’ अर्थाला कुठेही धक्का लागलेला नव्हता. पुढच्या वाक्यात तोच म्हणतो, ‘ही लिव्ह देअर फॉर टू इयर्स.’ आता भाऊ तिथे राहत होता, अजून राहतो आहे, की पुढे दोन वर्षं राहणार आहे? आपण त्याला ओळखतो, म्हणून अंदाज बांधतो आणि पुढे जातो. फार तर ‘लिव्ह’ला पुन्हा एकदा ‘एस’ जोडून देतो. अनोळखी माणूस मात्र इथेच अडेल. म्हणजे जिथे संवाद खरोखर तुटत होता तिथे आपण तो स्वतःच सांधला, आणि विद्यार्थ्याला तो तुटला होता याचा पत्ताही लागला नाही.

त्या ‘एस’बद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्यावर वर्गातला बराच वेळ खर्ची पडतो. ड्युले आणि बर्ट या भाषासंशोधकांनी 1974 मध्ये स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांचं इंग्रजी तपासलं. मातृभाषा अगदी वेगळ्या असूनही इंग्रजीची व्याकरणरूपं त्यांच्या तोंडी साधारण सारख्याच क्रमाने बसत होती, आणि हा ‘एस’ उशिरा बसणाऱ्यांत होता. नियम विचारा, विद्यार्थी घडाघडा सांगेल. बोलताना तो निसटेल. भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच सांगून ठेवलं होतं की घाईत किंवा दमल्यामुळे होणारी चूक वेगळी आणि विद्यार्थ्याच्या मनात त्या घडीला जी भाषा उभी राहते आहे तिच्यातून येणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे तो कुठवर पोचला आहे याची खूण. शेरा मारून ती हलत नाही.

उच्चारांचंही तेच. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली एक प्रश्न मांडला: ज्यांची कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नाही अशी माणसं आपसात इंग्रजी बोलतात, तेव्हा कोणत्या उच्चारामुळे गाडं अडतं? ‘थिंक’मधला ‘थ’, ज्याच्यावर आपण एवढी मेहनत घेतो, तो त्यांच्या आवश्यक यादीत नाही. स्वरांचं ऱ्हस्वदीर्घ आहे, वाक्यात जोर कोणत्या शब्दावर पडतो ते आहे. आणि ‘थ’चं म्हणाल तर जन्मापासून इंग्रजी बोलणारे कितीतरी लंडनकरही तो आपल्या पुस्तकात दिलाय तसा काढत नाहीत. त्यांना कुणी बाकावर उभं करत नाही.

मग आपल्याला तो का खटकतो? इथे शिकवण्याची पद्धत संपते आणि भाषेकडे बघण्याची नजर सुरू होते. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये केलेला एक प्रयोग 1960 मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या माणसांनी एकच उतारा एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचला. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटलं, आवाज वेगवेगळ्या माणसांचे आहेत. प्रत्येक माणूस किती हुशार वाटतो, किती भरवशाचा वाटतो, दिसायला कसा असेल, अगदी उंच असेल का, हे त्यांनी आवाजावरून सांगायचं होतं. इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांनी इंग्रजी आवाजाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. पण फ्रेंच ही ज्यांची मातृभाषा होती त्यांनीही बहुतेक बाबतींत तेच केलं. तोच गळा आपल्या भाषेत बोलला की त्यांना कमी हुशार वाटला.

आपल्या वर्गात बसलेला विद्यार्थी हीच नजर घेऊन येतो. त्यामुळे ‘वर्क नाही, वर्क्स’ हे त्याला व्याकरण म्हणून ऐकू येत नाही. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते चारचौघांत जाहीर झालं, असं त्याला वाटतं.

परकी भाषा शिकताना वाटणारी भीती मोजण्यासाठी हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये 33 विधानांची प्रश्नावली तयार केली. शिक्षक माझी प्रत्येक चूक काढायला टपलेले आहेत, या अर्थाचं एक विधान तिच्यात आहे. मी बोललो तर बाकीचे हसतील, या अर्थाचं दुसरं. ही दोन विधानं त्यांनी वेगळी ठेवली, ते मला फार मोलाचं वाटतं. आपण मात्र दोन्ही भीतींची मोट बांधतो आणि दुरुस्तीच बंद करून टाकतो. रेनाटे शुल्झ यांनी अमेरिका आणि कोलंबियातल्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची मतं ताडून पाहिली, तेव्हा चुका दाखवा असा आग्रह शिक्षकांपेक्षा विद्यार्थ्यांचाच जास्त निघाला. त्यांना दुरुस्ती नको आहे ही आपली समजूत आहे.

सौम्य शिक्षक यातून एक पळवाट काढतात. विद्यार्थ्याचं वाक्य बरोबर करून सहज परत म्हणतात. तो म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स.’ आपण म्हणतो, ‘ओह, यू हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स, व्हेरी गुड!’ त्याने काय ऐकलं? ‘व्हेरी गुड.’ याला रीकास्ट म्हणतात. लिस्टर आणि रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचं 18 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण तपासलं. शिकायची भाषा तिथे फ्रेंच होती, पण गोष्ट ओळखीची वाटेल. दुरुस्तीच्या एकूण प्रसंगांत 55 टक्के रीकास्ट होते आणि त्यांना विद्यार्थ्यांनी काहीतरी प्रतिसाद दिला तो फक्त 31 टक्के वेळा. शिक्षकाने वाक्य अर्ध्यावर सोडून विद्यार्थ्याकडूनच काढून घेतलं, तेव्हा मात्र प्रतिसाद प्रत्येक वेळी आला. प्रत्येक वेळी बरोबर आला असं नाही, जवळपास निम्म्या वेळा चूक सुधारली. पण तो विचारात पडला एवढं नक्की.

म्हणून मी ‘फॉर टू इयर्स’पाशी थांबते आणि विचारते, ‘इज ही स्टिल देअर?’ हा प्रश्न खरा आहे, मला उत्तर माहीत नाही. विद्यार्थ्याला चूक सापडते ती त्याचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं नाही म्हणून. वर्गासमोर त्याचं काही जात नाही. बोलून झाल्यावर, अर्थ अडलेली आणखी वाक्यं मी नाव न घेता फळ्यावर लिहिते. त्यात जमलेली वाक्यंही मिसळते आणि कुठलं कोणतं ते वर्गालाच शोधू देते. हसण्याबाबत मात्र मी सौम्य नाही. उच्चारावर कुणी हसलं तर तास थांबतो.

परीक्षेत ‘एस’चे गुण जातात, हे तुम्ही म्हणणार. जातातच. त्यासाठी लेखनाचा तास आहे, तिथे विद्यार्थ्याला वाक्याकडे परत वळून बघायला वेळ मिळतो.

एक काम देऊन थांबते. तुमचा एक तास ध्वनिमुद्रित करा आणि दोन रकाने आखा. पहिल्यात तुम्ही धरलेल्या चुका लिहा. दुसऱ्यात अशी वाक्यं लिहा, जी तुम्ही त्या मुलाला ओळखता एवढ्याच कारणाने तुम्हाला कळली. दुसरा रकाना मला पाठवा. आता प्रश्न घेऊ.