नसलेल्या तटाच्या कडेने

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास हुतात्मा चौकात आलेल्या माणसाला ही मुंबईच आहे का, असा प्रश्न पडतो. एरवी जेथे रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, तेथे या वेळी कबुतरांखेरीज फारशी वर्दळ नसते. कचेऱ्यांची शटर ओढलेली असतात, आणि फ्लोरा फाउंटनच्या कठड्याशी वीस-बावीस माणसे टोप्या व पाण्याच्या बाटल्या घेऊन, जुन्या मुंबईच्या पदफेरीसाठी मार्गदर्शकाची वाट पाहत उभी असतात. मार्गदर्शक कसलेला असेल, तर तो आल्याआल्या कारंज्याविषयी बोलत नाही, तो एवढेच विचारतो, "चर्चगेट कुठे आहे?" सगळ्यांचे हात पश्चिमेला, स्टेशनाच्या दिशेने जातात. मग तो सांगतो की, मंडळी, आपण चर्चगेटातच उभे आहोत.

दक्षिण मुंबईच्या या भागाला आज फोर्ट म्हणतात. जुने मुंबईकर त्याला कोट म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, १७१५ नंतर, येथील वस्तीभोवती दगडी तट उभा राहिला. त्याला तीन वेशी होत्या. दक्षिणेची अपोलो, उत्तरेची बझार, आणि पश्चिमेची, सेंट थॉमसच्या चर्चकडे नेणारी म्हणून चर्च गेट. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा आता पुढची पाळी आपली, या धास्तीने कोटातल्या इंग्रजांची आणि त्यांच्या आश्रयाने व्यापार करणाऱ्या सावकारांची झोप उडाली, आणि तटाबाहेर खंदक खणण्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी काढली. मराठ्यांची तोफ या तटावर कधी धडाडली नाही. पण आपल्या तोफांच्या माऱ्यात अडथळा नको म्हणून तटासमोरचे माड आणि घरे हटवून जो मोकळा पट्टा राखला गेला, त्याचेच उरलेले तुकडे म्हणजे आजची ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदाने. ओव्हलवर एकमेकांत मिसळून चाललेल्या क्रिकेटच्या सामन्यांमागे वसईच्या मोहिमेचा थोडासा हात आहे, असे म्हटले तर इतिहासकार रागावतील. पण ते अगदीच खोटे ठरणार नाही.

१८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तट पाडून खंदक बुजवण्यात आला. वाढत्या शहराला तट अडचणीचा झाला होता, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या सोन्याच्या भावाने शहरात पैसाही खेळत होता. हे पाडकाम ज्या सुमारास चालू होते, त्याच सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठीत मुंबईवरचे पहिले मोठे पुस्तक आले तेव्हा जुनी मुंबई डोळ्यांदेखत बदलत होती. १८६४ मध्ये चर्च गेटच्या जागी हे कारंजे उभे राहिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर याच परिसरात गोळीबार झाला, आणि पुढे चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. अलीकडे कारंज्याची डागडुजी चालू असताना जवळच्या रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली होती. त्यानंतर डांबराचे थर चढत गेले आणि रूळ जागच्या जागीच राहिले.

येथून पश्चिमेला काही मिनिटे चालल्यावर क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर रंगीत काचांच्या छत्रीखाली एक विहीर दिसते. ती भिखा बेहराम यांनी १७२५ मध्ये, तटाच्या अगदी बाहेर, बांधली. खारा समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे. पारशी समाज तिला पवित्र मानतो आणि इतरांना आत प्रवेश नाही, त्यामुळे आपली मंडळी पदपथावरच थांबतात आणि मार्गदर्शक आपसूक आवाज खाली आणतो. भिखाजी गुजरातेतून मुंबईकडे येत असता मराठ्यांनी त्यांना हेर समजून पांडवगडावर कैदेत ठेवले, अंगावरचा सदरा आणि कुस्ती, म्हणजे पारशांचा पवित्र अंगरखा आणि कमरेचा दोरा, दाखवल्यावर सोडून दिले, आणि त्या गडावरून त्यांच्या घराण्याचे आडनाव पांडे पडले, अशी कथा सांगितली जाते. ही परंपरेने आलेली कथा आहे आणि ती तशीच सांगायला हवी. फेरी नेणाऱ्याची परीक्षा नेमकी येथे होते. त्याच्याजवळ गोष्टी पुष्कळ असतात. त्यांतली कोणती कागदावर आधारलेली आणि कोणती ऐकीव, हे तो ऐकणाऱ्याला सांगतो का, यावर फेरीचे मोल ठरते.

मुंबईत जुन्या इमारतींच्या जतनाची नियमावली १९९५ मध्ये लागू झाली, आणि शहरी वारशासाठी अशी नियमावली करणारे हे देशातले पहिले शहर ठरले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९९९ मध्ये, दोन स्थापत्यकार महिलांनी येथे नियमित पदफेऱ्या सुरू केल्या. आज अशा फेऱ्या नेणारे अनेक जण आहेत, आणि २०२१ पासून महानगरपालिकेने आपल्या मुख्यालयाची इमारतही लोकांना आतून हिंडून पाहण्यासाठी खुली केली. मात्र बहुतेक फेऱ्या इंग्रजीत चालतात. मराठीतून कोट दाखवणारे हौशी लोक आहेत, पण त्यांची संख्या मागणीच्या मानाने कमी पडते. ज्या शहरात पाट्यांच्या भाषेवरून एवढे रान उठते, तेथे इमारतींच्या भाषेची कोणाला फारशी चिंता नसावी, ही बाब खटकते.

ओव्हलच्या कडेला राजाबाई टॉवर आहे. त्याची उंची २८० फूट आहे, तो १८७८ मध्ये पूर्ण झाला, आणि कापसाच्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये देऊन त्याला आपल्या आईचे नाव दिले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण मार्गदर्शक मंडळींना दुर्बीण काढायला सांगतो, आणि मग एरवी नुसते नक्षीकाम वाटणाऱ्या उंचावरच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींची माणसे दिसू लागतात. प्रत्येकाची पगडी वेगळी, प्रत्येकाची उभे राहण्याची ढब वेगळी. टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवले नाही. या पुतळ्यांचे नमुने तयार करणारे सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र मात्र ही माणसे रोज पाहत होते. खाली, हात पोहोचेल तेथे, मार्गदर्शक दगडाला हात लावायला सांगतो. कुर्ल्याकडचा पिवळसर दगड खरखरीत लागतो, पोरबंदरचा चुनखडीचा दगड मऊ. ज्या दगडावर छिन्नी सहज फिरते त्यावर वेली, पोपट आणि माकडे कोरायची, आणि भार पेलायचा तो कठीण दगडाने, ही त्या काळच्या बांधकामाची सरळ वाटणी होती.

काळ्या घोड्यापाशी मूळ घोडा नाही. तो आपल्या स्वारासह, म्हणजे राजा सातव्या एडवर्डसह, १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, आणि आता येथे २०१७ मध्ये बसवलेला बिनस्वाराचा घोडा आहे. जवळून जाणाऱ्या रस्त्याचे जुने नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तट. तट गेला तरी रस्त्याच्या नावात तो बराच काळ टिकून होता.

येथून आत वळून सेंट थॉमस कॅथीड्रलकडे यायचे. पायाभरणीनंतर कित्येक वर्षे हे चर्च अर्धवट पडून होते, आणि अखेर १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. मुंबईत मैलांची मोजणी या चर्चपासून होत असे. तेव्हाचे मैलाचे दगड शहरात काही ठिकाणी पदपथांवर अजून उभे आहेत, काही तर अर्धे जमिनीत गाडलेले आहेत. पलीकडे हॉर्निमन सर्कल. ही जागा तटाच्या काळात मोकळे पटांगण होती आणि येथे कापसाच्या गाठींचे ढीग लागत. पुढे हा व्यापार कुलाब्याला आणि नंतर शिवडीजवळ गेला, आणि जाताना 'ग्रीन' हा शब्दही सोबत घेऊन गेला. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्टेशनावर हिरवळ का नाही, याचे उत्तर येथे मिळते. समोर १८३३ चा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची इमारत. तिच्या तीस पायऱ्यांवर मंडळी पहिल्यांदा बसतात, बाटल्या उघडतात, आणि याच समोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांतून पुढे १८७५ मध्ये शेअर बाजाराची संस्था आकाराला आली, हे अर्धवट कानांनी ऐकतात.

फेरी शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी येते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात बांधलेल्या आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या इमारतीविषयी सांगण्यासारखे इतके आहे की मार्गदर्शकाला काय गाळावे हा प्रश्न पडतो. एक नाव मात्र गाळू नये. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली या कामावर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, आणि पुढे ताजमहाल हॉटेलचा आराखडा त्यांनी डी. एन. मिर्झा यांच्यासोबत केला. ताज उलटे बांधले गेले, समुद्राकडचे दार चुकून मागे गेले आणि ते पाहून परदेशी वास्तुशिल्पज्ञाने जीव दिला, ही कथा गेटवेपाशी रोज कोणी ना कोणी सांगतो आणि ऐकणारे हळहळतात. वस्तुस्थिती अशी की मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवलेला होता, वैद्य १९०० मध्ये आजारपणाने वारले, उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. त्या कथेने एका न घडलेल्या आत्महत्येपायी एका खऱ्या मराठी माणसाचे नाव दीडशे पावलांच्या परिसरातून पुसून टाकले.

टर्मिनसपाशी टाळ्या होतात, एकत्र छायाचित्र निघते, आणि ज्याला जी लोकल सोयीची ती पकडून मंडळी पांगतात. तासाभराहून अधिक वेळ ज्या तटाच्या खुणा शोधल्या, त्याचा खराखुरा अवशेष येथून पायी दहा मिनिटांवर आहे, पण तेथपर्यंत फार थोड्या फेऱ्या जातात. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या मागे, पी. डि'मेलो रस्त्याला लागून, याच तटाचा विस्तार म्हणून १७६९ च्या सुमारास बांधलेल्या जॉर्ज किल्ल्याचा काळ्या दगडाचा एक तुकडा शिल्लक आहे. भिंत जाड आहे, आतल्या खोल्या कमानदार आणि थंड आहेत, आणि रस्त्यावरून गोदीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजाने त्यांतली हवा थरथरते. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे कार्यालय याच आवारात आहे. रविवारी ते बंद असते.