परळची लस आणि बाटली 53-एन

परळमध्ये, टाटा रुग्णालयापासून जवळच, झाडांच्या दाटीत ही इमारत उभी आहे. एके काळी इथे मुंबईचे गव्हर्नर राहायचे. मेजवान्या झडायच्या, नाच व्हायचे. 10 ऑगस्ट 1899 पासून त्याच दालनांत प्लेगची लस बनू लागली. आज ही हाफकिन संस्था.

लस शोधली गेली ती मात्र भायखळ्याला, ग्रँट मेडिकल कॉलेजात. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले.

आता ही बाटली जवळून पाहा. चित्रीकरणासाठी आपण नुसता अर्क आणि तूप घेतलंय. अर्क बोकडाच्या मांसाचा. गाय नको, डुक्कर नको, कुणाच्या धर्माला बाधा नको, म्हणून बोकड. वर तरंगतायत ते तुपाचे थेंब. प्लेगचे जंतू या थेंबांच्या बुडाशी धरत आणि जळमटांसारखे खाली लोंबत वाढत. बाटली हलवली की ते धागे तुटून तळाशी बसत, वर नवे धरत. असं पाच-सहा आठवडे. मग तासभर 65 ते 70 अंशांवर तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, आणि लस तयार. आपल्याच घरातलं तूप वापरून जगातली पहिली प्लेगची लस मुंबईत बनली, हे किती मुंबईकरांना माहीत आहे?

10 जानेवारी 1897. हाफकिननी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप भरला, पण काम थांबलं नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी आपणहून लस घेतली, त्यांच्यातल्या दोघांना पुढे लागण झाली, दगावलं कुणी नाही. न घेतलेल्यांत 12 जण आजारी पडले, 6 गेले. मग खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमोर दंड पुढे केला आणि त्यांच्यामागून हजारो आले.

हे कस्तुरबा रुग्णालय, तेव्हाचं आर्थर रोडचं. इथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत होती. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांचा जमाव याच रुग्णालयावर चालून आला. पुण्यात प्लेगचे रोगी शोधायला गोरे शिपाई घराघरात घुसले, देवघरापर्यंत गेले. 22 जून 1897 ला तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. दंडुक्याच्या जोरावर चाललेलं प्लेगनिवारण आणि स्वतःला आधी टोचून घेणारा शास्त्रज्ञ, ही दोन्ही एकाच सालातली. लोकांनी कुणावर विश्वास ठेवला ते लस घ्यायला आलेले हजारो जणच सांगतात.

आणि मग पंजाबातलं मुलकोवाल गाव. 30 ऑक्टोबर 1902 ला तिथे 107 जणांना लस टोचली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसच्या एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक 53-एन. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

बोट लगेच परळकडे दाखवलं गेलं. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिननी कार्बोलिकऐवजी नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. चौकशी आयोगाने तेच धरलं. हाफकिनना कामावरून दूर केलं. खरं तर बूच काढायचा चिमटा मुलकोवालमध्ये जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू मुंबईतच शिरले असते, तर इतक्या दिवसांनी बाटली उघडताना घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. हे सगळं चौकशीच्या कागदांत होतं, पण ते लोकांपुढे यायला 1906 उजाडलं. चार वर्षं पंजाबातल्या माणसाने कशाच्या भरवशावर दंड पुढे करायचा?

1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिनची बाजू मांडली. त्याच वर्षी ते निर्दोष ठरले आणि पुढे कलकत्त्याला कामावर परतले. परळला मात्र त्यांना पुन्हा नेमलं नाही. 1925 साली या संस्थेला त्यांचं नाव दिलं.

आज इथे येणाऱ्या शाळकरी मुलांना तुपाच्या थेंबांची गोष्ट जरूर सांगावी. त्याच भेटीत मुलकोवालचीही सांगावी, चिमट्यासकट आणि दाबून ठेवलेल्या कागदांसकट.