इंटेलिजन्स म्हणजे वर्तमान

नमस्कार, श्रोतेहो.

एकोणिसाव्या शतकातलं जुनं इंग्रजी वर्तमानपत्र चाळायला घेतलं, की एक मथळा हटकून भेटतो: 'शिपिंग इंटेलिजन्स'. शाळेत शिकलेला अर्थ लावला, तर ही जहाजांची बुद्धिमत्ता होईल. खाली मात्र साधी यादी असते. कोणतं जहाज बंदराला लागलं, कोणतं सुटलं, कप्तान कोण. इथे इंटेलिजन्स म्हणजे बातमी.

लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये तर या शब्दाचा संसारच होता. खटल्यांच्या हकिकती 'लॉ इंटेलिजन्स'खाली, फौजेतल्या आणि आरमारातल्या नेमणुका 'नेव्हल अँड मिलिटरी इंटेलिजन्स'खाली, पाद्र्यांच्या 'एक्लेझिअ‍ॅस्टिकल'खाली. अमेरिकेत त्याच शतकात घरकामाला माणसं मिळवून देणाऱ्या कचेरीलाही 'इंटेलिजन्स ऑफिस' म्हणत.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 'लेटेस्ट इंटेलिजन्स'. या 'ताज्या' बातमीचं वय बघा. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजातून विलायतेचं पत्र मुंबईला यायला चार-सहा महिने सहज लागत. 1830 साली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुवेझला गेली, आणि पुढे त्या वाटेने टपाल येऊ लागल्यावर महिन्यांचा हिशेब आठवड्यांवर आला. 1870 मध्ये समुद्राच्या तळातून मुंबईपर्यंत तार आली. मथळ्यातला शब्द तोच राहिला. त्यातला ताजेपणा मात्र पार बदलला.

आता थोडं मागे जाऊ. 1663 च्या ऑगस्टमध्ये रॉजर लेस्ट्रेंज यांनी लंडनमध्ये 'द इंटेलिजन्सर' हे पत्र सुरू केलं. हे गृहस्थ सरकारचे छापखान्यांवरचे तपासनीसही होते. म्हणजे बातमी देणारा आणि पाळत ठेवणारा एकच. इंटेलिजन्सर या शब्दात हे दोन्ही अर्थ होतेच: वार्ताहर आणि हेर. लॅटिनमध्ये मुळात 'समजणं'. त्यावरून जे समजलं ते, आणि मग जे गुपचूप कळवलं तेही.

याच सुमारास, 1664 च्या जानेवारीत, शिवाजी महाराजांनी सुरतेवर चाल केली. बहिर्जी नाईकांचं नाव आपण घेतो ते बातमी काढण्यासाठीच. आपल्याकडेही 'बातमी काढणे' म्हणजे हेरगिरी, आणि 'बातमीदार' म्हणजे आधी हेर, मग पत्रकार. पेशवाईतले जासूद पत्रं पोचवत. तोच शब्द हेरालाही लागू. दोन भाषा, एकमेकींशी गाठ नाही, आणि तरी शब्द सारख्याच वाटेने गेले. कारण छापखान्याआधी दूरची खबर हवी असे ती दरबाराला आणि व्यापाऱ्याला, आणि ती आणायला माणूसच धाडावा लागे.

म्हणून जुन्या पत्रांचं भाषांतर करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. इंटेलिजन्स दिसला की 'बुद्धिमत्ता' लिहू नका, आणि सरसकट 'गुप्तवार्ता'ही लिहू नका. आपल्याजवळ नेमका शब्द आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये 'दर्पण' काढलं, त्या काळी खबरीला 'वर्तमान' म्हणत. 'अमक्याचे वर्तमान कळले' असं लिहीत. वर्तमानपत्र या नावात तो शब्द अजून आहे. 'शिपिंग इंटेलिजन्स'ला मी 'जहाजांचे वर्तमान' म्हणते.

नमस्कार.