रंगाखाली दडलेली बिजागरी

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघतं. ऑइल पेंटचा डबा उघडला की ब्रश स्वयंपाकघरातल्या फडताळावर फिरतो आणि त्याच ओघात बिजागऱ्या, कड्या, मुठी यांच्यावरूनही फिरतो. त्या काढून ठेवायला वेळ कुणाला असतो? अशा दहा-बारा दिवाळ्या गेल्या की दार धड लागत नाही आणि स्क्रूची खाच शोधूनही सापडत नाही.

आमच्या घरचं सागवानी फडताळ असंच झालं होतं. वर पोपटी रंग, त्याखाली निळा, त्याखाली पांढरा. मी पेचकस लावला आणि सगळा जोर काढला. पेचकस सटकला आणि पितळी स्क्रूची खाचच सोलवटून निघाली. पितळ मऊ असतं; खाच एकदा झिजली की पेचकस धरत नाही. शेवटी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, स्क्रू नाही अडकलेला, रंगानं धरून ठेवलाय त्याला. आधी रंग सोडवा."

तर आधी रंग. धारदार कटरनं बिजागरीच्या कडेकडेनं रेघ मारा, म्हणजे ती उचलताना लाकडाचा टवका निघणार नाही. मग प्रत्येक स्क्रूची खाच जाड सुईनं किंवा टोच्यानं कोरून अगदी तळापर्यंत साफ करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्धं यश इथेच आहे. पेचकसाचं पातं खाचेत रुंदीला पूर्ण भरलं पाहिजे; बारीक पातं खाच खातं. पेचकस खाचेत सरळ उभा धरून त्याच्या मुठीवर हातोडीनं हलकेच दोन-तीन ठोके द्या. आणि स्क्रू सोडवण्याआधी किंचित आवळा. त्यानं रंगाची आणि गंजाची पकड तुटते. तरीही हलला नाही, तर रंग पूर्ण खरवडून झाल्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं (डाग द्यायच्या विजेच्या अवजाराचं) टोक अर्धा मिनिट स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. धातू तापून फुगतो, गार होताना आकसतो आणि सैल पडतो. दाराची खालची बिजागरी आधी काढा, वरची शेवटी, आणि दार धरायला दुसरं माणूस हवंच.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नसावं, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. तुमच्या फडताळावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असतील. म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासू नका, रंगावर आगीची ज्योत धरू नका. पाणी शिंपडून खरवडा, धुळीसाठीचा चांगला मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. फडताळातली भांडी-डबे आधीच बाहेर काढा आणि पडलेले कपचे ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

निघालेल्या बिजागऱ्या एका जुन्या पातेल्यात पाण्यात बुडवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला मुळीच वापरायचं नाही. उष्णतेनं धातू आणि रंग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, त्यामुळे रंगाची साल सुटते. ती लाकडी काडीनं ढकला. मग लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर आत लोखंड आहे. ते लगेच कोरडं करून तेलाचा हात द्या. नाही चिकटलं आणि खरवडल्यावर पिवळं दिसलं, तर बहुधा पितळच. त्याला चिंच आणि मीठ पुरतं, देवाच्या समईसारखंच.

नव्या बिजागऱ्या घ्याव्यात असं मलाही वाटलं होतं. पण त्यांची भोकं जुन्या भोकांशी जुळत नाहीत आणि चौकटीत जुन्या बिजागरीसाठी कोरलेली जागा उघडी पडते. जुनी भोकं सैल झाली असतील तर फेविकॉल लावून त्यात लाकडाच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या. स्क्रू परत बसवताना आटे मेणबत्तीवर घासून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटायला त्रास देणार नाहीत.

आमचं दार बसवलं त्या संध्याकाळी आईनं ते तीन-चारदा उघडून मिटलं. मग मुरांब्याची बरणी आत ठेवली आणि कडी लावली. कडी एका बोटानं लागली.