अट लिहून ठेवणारा तक्ता

लासलगावच्या रस्त्यावर सकाळी लागलेली ही ट्रॅक्टरांची रांग आपण पाहत आहात. प्रत्येक ट्रॉलीतला कांदा लिलाव आणि वजनकाटा या टप्प्यांतून जातो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी येते. टेबलावर पसरलेल्या या पट्ट्या निफाड तालुक्यातील एका शेतकरी गटाच्या आहेत.

गटाने प्रत्येक पट्टीसाठी स्प्रेडशीटमध्ये एक ओळ ठेवली आहे. तारीख, सभासद, बाजार समिती, कांद्याचा प्रकार, क्विंटलमधील वजन आणि दर असे तिचे सहा स्तंभ आहेत. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत आणि चांदवड येथील लाल, उन्हाळ (उन्हाळी कांदा) आणि गोल्टी (लहान आकाराचा कांदा) असा सगळा माल या एकाच तक्त्यात मिसळलेला आहे.

अशा तक्त्यातून हवे ते काढण्यासाठी बहुतेक जण शीर्षकावरील फिल्टरचे बटण दाबतात. ते बटण ओळी केवळ लपवते. खाली साधे 'सम' सूत्र असेल तर लपलेल्या ओळीही बेरजेत धरल्या जातात, कारण त्या वगळण्यासाठी 'सबटोटल' वापरावे लागते. शिवाय बटण काढले की कोणती अट लावली होती, याचा मागमूस उरत नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब अशा पद्धतीवर सोपवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पडद्यावरील दुसऱ्या, कोऱ्या पानाकडे पाहावे. एका घरात (सेलमध्ये) 'लासलगाव' आणि शेजारच्या घरात 'उन्हाळ' असे लिहिले आहे. त्याखाली बरोबरचे चिन्ह देऊन 'फिल्टर' हे सूत्र सुरू होते. कंसात आधी मूळ तक्त्याचा पूर्ण पट्टा, म्हणजे ज्यातून ओळी निवडायच्या तो सगळा भाग, येतो. त्यानंतर बाजार समितीचा स्तंभ पहिल्या घराइतका आणि प्रकाराचा स्तंभ दुसऱ्या घराइतका असावा, अशा दोन अटी येतात. अटीतील स्तंभांच्या ओळी मूळ पट्ट्याइतक्याच असाव्या लागतात. गुगल शीट्समध्ये या अटी स्वल्पविरामाने वेगळ्या करता येतात. एक्सेलमध्ये मात्र त्यांचा गुणाकार करतात, कारण खरे म्हणजे 1 आणि खोटे म्हणजे 0 असल्याने दोन्ही अटी खऱ्या असतील तरच उत्तर 1 येते. दोहोंपैकी एक अट पुरेशी असेल, तर अधिकचे चिन्ह वापरतात. एंटर दाबताच जुळणाऱ्या ओळी खाली पसरतात, मूळ तक्ता जसाच्या तसा राहतो आणि वरचे नाव बदलून 'विंचूर' केले की यादीही बदलते. अट घरात लिहिलेली असल्यामुळे ती कोणत्याही सभासदाला वाचता येते आणि तपासता येते.

मराठी नोंदींमध्ये एक अडचण हमखास येते. एकाने 'लासलगाव' आणि दुसऱ्याने अनुस्वार देऊन 'लासलगांव' लिहिले, किंवा नावामागे एक मोकळी जागा राहिली, तर ती ओळ कोणतीही सूचना न देता यादीतून गळते. म्हणून गटाने समिती आणि प्रकार हे दोन्ही स्तंभ टंकित करण्याऐवजी ठरलेल्या यादीतून निवडण्याची सोय केली आहे, आणि पडद्यावर उघडलेली ही छोटी खिडकी त्याच यादीची आहे.

एक्सेलमध्ये हे सूत्र 2021 च्या आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये मिळते. 2016 किंवा 2019 ची आवृत्ती असलेल्या संगणकावर ते चालत नाही. एकही ओळ न जुळल्यास एक्सेल त्रुटी दाखवते, त्यामुळे सूत्राच्या कंसात तिसऱ्या जागी 'नोंद नाही' असे लिहून ठेवणे सोयीचे ठरते.

कोणता माल कोणत्या समितीत न्यायचा, याची गटातील चर्चा आता या यादीवरून होते.

निवडलेल्या ओळींच्या दरांची साधी सरासरी मात्र गट काढत नाही, कारण 2 क्विंटल गोल्टी आणि 40 क्विंटल उन्हाळ यांना ती सारखेच महत्त्व देते. वजन आणि दर यांचा 'समप्रॉडक्ट', म्हणजे प्रत्येक ओळीतील वजन आणि दर यांच्या गुणाकारांची बेरीज, काढून त्याला एकूण वजनाने भागल्यावर मिळणारा दर शेवटच्या स्तंभात पिवळ्या रंगात दिसत आहे.