चोथ्याला हवा पाला

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'कॉफीचा चोथा आणि घरची बाग'. चोथा कसा वापरायचा ते सांगणारच आहे, पण आधी माझ्या मिरच्यांचं ऐका. ते ऐकल्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

परसातल्या झाडांना काय घालावं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. मासळी धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात, चुलीतली राख भाजीच्या वाफ्यात, चहाचा चोथा गुलाबाला. माझ्या आईनं एवढंच केलं आणि तिच्या अबोलीला फुलांची कधी वाण पडली नाही. त्यामुळे पणजीत एका कॅफेच्या मागच्या दारी काळ्या पिशव्या दिसल्या, तेव्हा माझा पाय अडला. तिथल्या बेळगावच्या मुलानं पिशवी उघडून दाखवली. चोथ्याच्या गोल गोल वड्या, अजून कोमट. एका डबल एस्प्रेसोला साधारण 18 ग्रॅम पूड लागते आणि तिचा जेमतेम पाचवा भाग कपात उतरतो. दिवसाला 100 कप धरले तर दीड किलोच्या आसपास चोथा मागे राहतो, तोही कोरड्या वजनानं. ओला त्याच्या दुपटीहून जास्त. चिकमगळूर-कोडगूच्या डोंगरात झाडांच्या सावलीत वाढलेलं पीक, घाट उतरून इथं येतं आणि पिशवीत जातं! "मावशी, रोज न्या की!" तो म्हणाला. मी रोज नेलं.

जानेवारीचे दिवस. खोला मिरचीची रोपं लावली होती, वीतभर झालेली. वाफ्यावर मी दोन बोटं जाडीचा चोथा पसरला, वर पाणी घातलं. आठवडाभरात त्याची खपली धरली, तव्यावर धिरडं सुकावं तशी. पाणी घातलं की कडेनं ओघळून जायचं. पानं पिवळी पडली, रोपं खुंटली. मला वाटलं रोग पडला. मी चुना घातला, कडुनिंबाचं पाणी फवारलं, पाणी वाढवलं. शेजारच्या काकी आल्या, त्यांनी एका जागी खपली उचलली आणि बोट खुपसलं. खाली माती ठणठणीत कोरडी. वाफा गेला. त्या मिरच्यांचं बी मी काणकोणहून आणलं होतं, म्हणून अजून हळहळ वाटते.

कारणं नंतर वाचून कळली. चोथ्याचे कण फार बारीक, ते घट्ट बसतात, आणि सुकले की पाणी झिडकारतात. त्यात नत्र आहे, सुमारे 2 टक्के, पण ते झाडाला लगेच मिळत नाही. उलट चोथा कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. उरलेलं कॅफिन कोवळ्या मुळांना बाधतं ते वेगळंच. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये भाज्यांवर हेच पाहिलं: थेट मातीत मिसळलेल्या ताज्या चोथ्यानं वाढ खुंटली.

आता माझं खरं दुखणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्याफणसाचा पाला गळतो, आणि सकाळी आपल्या वाड्यावाड्यांतून धूर निघतो. ज्याच्या अंगणात बघावं तिथं पाल्याचा ढीग पेटलेला. मंडळी, पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. चोथ्यात कर्ब साधारण 20 भाग, नत्र एक. खत चांगलं कुजायला 25 ते 30 भागांना एक हवं, म्हणजे दोन्ही एकत्र घालायला हवीत. एक पेटवतो, दुसरं फेकतो, आणि मग शेणखताची गोणी विकत आणतो! बारदेशच्या किनारपट्टीचा ओला कचरा साळगावच्या प्रकल्पात जातो, तिथं बायोगॅस होतो, ते चांगलंच आहे. पण पाला जाळण्याचं समर्थन कशानंच होत नाही.

घंटा झाली वाटतं. बरं, भराभर सांगते. एक टोपली चोथ्याला चार टोपल्या सुका पाला, थर लावत जा, मूठभर जुनं खत किंवा माती टाका, आठवड्यातून एकदा उलथा. पावसाळ्यात वर झावळ्या किंवा पत्रा हवाच, नाहीतर सगळं चिखल. चोथा ओला साठवू नका, दोन दिवसांत बुरशी धरते, वर्तमानपत्रावर पसरा. कुत्र्यापासून लांब ठेवा, कॅफिन त्याला विषारी आहे. चोथ्यानं गोगलगायी मरतात म्हणतात, त्या मरत नाहीत. ज्या हवाईच्या प्रयोगात मेल्या, तिथं 1 ते 2 टक्के कॅफिनचं द्रावण फवारलं होतं, चोथ्यात तेवढं उरत नाही. माती आंबट होते का? आंबटपणा बराचसा कपात उतरतो, चोथा बहुतेक वेळा उदासीनच्या जवळ असतो. आपली जांभ्याची माती मुळातच आंबट आहे, ती चोथ्यामुळे नव्हे.

मागच्या टेबलावर दोन डबे ठेवलेत. एकात गेल्या मार्चपासूनचा नुसता चोथा आहे, दुसऱ्यात पाल्याबरोबर कुजलेला. जाताना दोन्हीत हात घालून बघा.