गाडी ड्राइव्हवेत, आपण भारतात

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर जवळ आला की आपल्या टोरांटो-मिसिसागाच्या मराठी घरांत बॅगा भरायला लागतात. कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन. दोन-तीन महिने आपण तिकडे आणि गाडी इथे, उघड्यावर, बर्फाखाली. खरं तर भारतात जावं ते आंब्याच्या दिवसांत. मुलांनी अढीतला आंबा हुंगून निवडायला शिकावं, असं मला फार वाटतं. पण लग्नं निघतात डिसेंबरात, त्याला इलाज नाही.

तर आमच्या शेजारच्या काका-काकूंची गोष्ट. मूळचे सांगलीचे. एका वर्षी पुतणीच्या लग्नाला गेले ते मार्चमध्येच परतले. काका व्यवस्थित माणूस. जाण्याआधी गाडी धुतली, वर प्लास्टिकची ताडपत्री घालून दोरीने आवळली आणि किल्ली ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलाकडे दिली. "दर रविवारी ये बाळा, पाच मिनिटं इंजिन चालव. बॅटरी टिकेल." मुलगा गुणी. बर्फ असो, वारा असो, यायचा, ताडपत्री सोडायचा, गाडी सुरू करायचा. बोटं गारठायची म्हणून हीटर लावायचा, सीट तापवायचा, मागची काचही तापवायचा. पाच मिनिटं झाली की बंद. फेब्रुवारीत एका रविवारी गाडीने नुसतं टक् टक् केलं. काकांना फोन गेला. काका म्हणाले, राहू दे, आल्यावर बघू.

आले आणि बघितलं, तर बॅटरी फुगून तडकलेली. आतलं पाणी गोठलं होतं. नवी बसवली, गाडी सुरू झाली, पण अॅक्सिलरेटर दाबला तरी उठेना. मेकॅनिकने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि दोघांना आत बोलावलं. डबा शेंगदाण्यांनी काठोकाठ भरलेला! वर बॉनेटखालच्या अस्तराचा कापूस मऊ पिंजून अंथरलेला. काकूंनी एक दाणा उचलला, उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर माझ्या कुटाचे दाणे!" निघण्याच्या आदल्या दिवशी आणलेली पिशवी गडबडीत डिकीतच राहिली होती. उंदरांनी हिवाळाभर एकेक दाणा वाहून तिथे कोठार केलं होतं. मेकॅनिक म्हणाला, कुत्र्याचं खाणं सापडतं, पक्ष्यांचं बी सापडतं, शेंगदाणे मात्र पहिल्यांदाच बघतोय. काकू अजूनही ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना त्या उंदरांच्या कष्टांचं त्यांना कौतुकच वाटतं.

तेव्हा पहिली गोष्ट: गाडीत खाण्याचा कण ठेवू नका. चिवड्याचा चुरासुद्धा नको. सायलेन्सरच्या तोंडात स्टीलची घासणी कोंबा आणि स्टीअरिंगवर चिठ्ठी चिकटवा, 'आधी घासणी काढा'.

दुसरी गोष्ट, आणि हीच मुख्य: पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करू नका. सुरू होताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. शिवाय जळणातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहतं. चालवायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. पुन्हा सांगते, पाच मिनिटं नको.

बंद गाडीही थोडी वीज खातच असते. ५० मिलिअँपिअर धरले, तर ६० अँपिअर-अवरची बॅटरी २५ दिवसांत अर्धी होते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठू शकते, आणि तेवढी थंडी आपल्याकडे जानेवारीत असतेच. बाहेर प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा छोटा चार्जर, लावा. नसेल तर बॅटरीची काळी वायर सोडवा. पण आधी दारं साध्या किल्लीने उघडतात ना, ते तपासा.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीला चिकटतं, ते धुवा, तेही गाडीच्या खालून. प्लास्टिकची ताडपत्री नको, वाऱ्याने घासून ती रंग खाते आणि ओल कोंडते. हवा खेळेल असं कव्हर घ्या. टाकी भरून ठेवा, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे ते खराब होऊ न देणारं औषध, घाला. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत काळजी नाही. काच धुण्याचं पाणी हिवाळ्याचंच हवं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. गिअर पार्कमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा.

आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. ज्यांच्याकडे किल्ली ठेवायची, त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ आधी पोचलेला असावा. इथे आपली माणसं अशीच जोडावी लागतात.

परत आल्यावर टायरमधली हवा आधी बघा, थंडीत ती उतरलेली असते. पहिले काही किलोमीटर चाकं धडधडतील, ब्रेक खरखरतील. टायर एका जागी बसलेले असतात, डिस्कवर गंज धरलेला असतो. हळू चालवा, आवाज जातो. वीस-पंचवीस किलोमीटरनंतरही राहिला, तर मेकॅनिककडे न्या आणि एअर फिल्टरचा डबा उघडायला सांगा.